दर्याचा वलंदेज चितारी : हेंड्रिक विलेम मेस्डाख (इ. स. १८३१–१९१५)

आमच्या वाचकांस वलंदेजांची ओळख आहे ती बहुतेक वखारीचे व्यापारी या नात्यानें. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती, व त्या काळच्या कागदांत त्यांचें नांव वारंवार येतें. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच राष्ट्रांतला, परंतु दोन शतकांनंतरचा एक चितारी आहे. त्याचा महाराष्ट्राशीं कांहींहि संबंध आला नाहीं. मग त्याची हकीकत येथें देण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन इतकेंच कीं, या चिताऱ्यानें काढलेलें एक अवाढव्य चित्र आज एका नाहींशा झालेल्या किनाऱ्याचें मुख्य साधन होऊन बसलें आहे. चित्र हें इतिहासाचें साधन कधीं होतें, कोणत्या अटींवर होतें, आणि त्याची साक्ष कोठें संपते, हा प्रश्न जुने कागद व जुनीं चित्रें जमविणाऱ्या प्रत्येकास आज ना उद्यां पडतोच. त्याचें उत्तर शोधण्यास मेस्डाखचें उदाहरण फार सोयीचें आहे. कारण येथें चितारी कोण, तो उभा कोठें राहिला, काल कोणता, आणि पैसा कोणाचा, या चारहि गोष्टी निश्चित ठाऊक आहेत.

नांवांच्या उच्चाराविषयीं एक शब्द. वलंदेजी भाषेंत ‘ग’ या अक्षराचा उच्चार ‘ख’ च्या जवळ जातो. म्हणून आम्हीं मेस्डाख, ख्रोनिंगेन, स्खेवेनिंगेन अशीं रूपें घेतलीं आहेत. हेग हें नांव मात्र आपल्याकडे रूढ आहे तसेंच ठेविलें आहे.

(१) पूर्वपीठिका

समुद्राचीं चित्रें काढणें हा हॉलंडांत जुना व मानाचा धंदा. ज्या देशाचा व्यापार समुद्रावर, लढाया समुद्रावर आणि अन्नहि बऱ्याच अंशीं समुद्रांतून, त्या देशांत गलबतांचीं चित्रें काढणारांस गिऱ्हाईक न मिळेल तरच नवल. सतराव्या शतकांतील थोरला विलेम व्हान द वेल्ड (१६११–१६९३) हा आरमाराबरोबर समुद्रावर जाऊन, लढाई चालू असतां लहानशा होडींतून गलबतांच्या आकृति कागदावर उतरून घेत असे. इंग्रज व वलंदेज यांच्यामध्यें १६६६ सालीं चार दिवस जी दर्याई लढाई झाली तिचीं त्यानें घेतलेलीं रेखाटनें प्रसिद्ध आहेत. पुढें १६७२ च्या सुमारास तो आपल्या मुलासह इंग्लंडास गेला व दुसऱ्या चार्ल्सच्या पदरीं राहिला. त्याच्या रेखाटनांचे मोठे संग्रह ग्रेनिच व रॉटरडाम येथें आहेत, आणि त्या काळच्या आरमाराचा अभ्यास करणारे त्यांचा लेखी कागदांच्या बरोबरीनें उपयोग करितात. म्हणजे चित्राला साधनाचा मान देण्याची चाल त्या देशांत नवी नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत डॉर्ड्रेख्ट येथील योहानेस ख्रिस्तियान स्खोटेल (१७८७–१८३८) यानें ही परंपरा पुढें चालविली. परंतु या मधल्या काळांतील पुष्कळ चित्रांत वादळें, फुटकीं तारवें आणि काळे ढग हे ठराविक अलंकार होऊन बसले होते. समुद्र पाहून चित्र काढण्यापेक्षां आधींचीं चित्रें पाहून समुद्र काढण्याकडे अनेकांचा कल होता. मेस्डाखनें जें केलें त्याचें महत्त्व या पार्श्वभूमीवर कळतें.

(२) जन्म व पूर्ववय

हेंड्रिक विलेम मेस्डाख याचा जन्म ख्रोनिंगेन शहरीं ता. २३ फेब्रुवारी १८३१ रोजीं झाला. बाप क्लास मेस्डाख हा पेढीवाला. त्यास चित्रकलेची आवड होती व मुलांस त्यानें चित्रें काढण्याचें शिक्षण देवविलें. वडील भाऊ टाको हाहि पुढें चितारीच झाला. तथापि घराण्याचा धंदा पेढीचा, आणि हेंड्रिकनें वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत तोच केला. १८५६ सालीं त्याचें लग्न सिना व्हान हौटेन हिच्याशीं झालें. हिला सिन्च्ये असें म्हणत. तिचा भाऊ सामुएल व्हान हौटेन हा पुढें राजकारणांत पडला, व कारखान्यांत लहान मुलांस राबविण्यास बंदी करणारा १८७४ चा कायदा त्याच्याच नांवानें ओळखला जातो.

पस्तीस वर्षांचा, बायकोमुलाचा धनी, पेढीवरचा जमलेला गृहस्थ धंदा सोडून चितारी होण्यास निघाला, ही गोष्ट त्या काळीं वेडेपणाचीच गणली गेली असल्यास नवल नाहीं. पत्नीकडून आलेल्या वारशामुळें पोटाची चिंता उरली नव्हती, हें खरें. परंतु वारसा पुष्कळांस मिळतो, आणि पेढी सोडणारे थोडे. १८६६ सालीं त्यानें पेढीचा निरोप घेतला. त्या उन्हाळ्यांत ओस्टरबेक गांवीं बिल्डर्स नांवाच्या चिताऱ्याजवळ राहून त्यानें झाडें व रानें रंगविण्याचा सराव केला, व नंतर कुटुंबासह ब्रसेल्स गांठलें. तेथें त्याचा नातलग लॉरेन्स आल्मा-टाडेमा हा चित्रकार होताच. त्याच्या ओळखीनें विलेम रूलॉफ्स याच्याजवळ त्याचें खरें शिक्षण झालें. निसर्ग समोर ठेवूनच काढावा, हा रूलॉफ्सचा कटाक्ष शिष्याच्या अंगीं पुरता मुरला.

(३) समुद्राकडे वळण

१८६८ च्या उन्हाळ्यांत मेस्डाख सहकुटुंब नॉर्डर्नाय या जर्मन बेटावर गेला. येथें त्यास आपला विषय सांपडला. याच्या आधीं त्यानें रस्ते, घरें, शेतें असें सर्व कांहीं रंगवून पाहिलें होतें. येथून पुढें तो समुद्राशिवाय दुसरीकडे फारसा वळला नाहीं. समुद्र काढावयाचा तर तो रोज दिसला पाहिजे, या विचारानें १८६९ सालीं त्यानें हेग येथें बिऱ्हाड केलें. हेग शहराला लागून असलेलें स्खेवेनिंगेन हें कोळ्यांचें गांव. तेथें समुद्राकडे तोंड असलेली एक खोली त्यानें भाड्यानें घेतली आणि भरती-ओहोटी, वारा, ढग व तारवें यांचा नित्य अभ्यास चालविला.

या कष्टांचें फळ लवकर मिळालें. १८७० सालीं पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनांत उत्तर समुद्राच्या फुटणाऱ्या लाटांच्या त्याच्या चित्रास सुवर्णपदक मिळालें. धंदा बदलल्यास अवघीं चार वर्षें झालीं होतीं. त्या चित्रांत वादळ नाहीं, फुटकें गलबत नाहीं, वीज नाहीं. लाटा, वाळू व आभाळ एवढाच ऐवज. समकालीनांस तें नवें वाटलें तें याचमुळें.

पुढच्याच वर्षीं, १८७१ मध्यें, त्याचा एकुलता एक मुलगा क्लास वयाच्या आठव्या वर्षीं वारला. त्यानंतर सिन्च्येनें स्वतः चित्रकलेचा नेटानें अभ्यास केला व ती नांव घेण्याजोगी चित्रकार झाली. नवराबायको दोघांनींहि आपलें उरलेलें आयुष्य, द्रव्य व घर चित्रांच्या कामीं लाविलें. त्यांच्या मागें वारस उरला नव्हता, ही गोष्ट पुढें त्यांच्या संग्रहाची हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

(४) किनारा आणि तारवें

मेस्डाखच्या चित्रांत जें तारूं पुनःपुन्हा दिसतें त्याची रचना समजल्याशिवाय त्याच्या चित्रांची किंमत कळावयाची नाहीं. स्खेवेनिंगेनास त्या काळीं बंदर नव्हतें. समोर उथळ, रुंद, वाळूचा किनारा. तारूं बांधून ठेवण्यास धक्का नाहीं, आडोसा नाहीं. तेव्हां तारूं असेंच पाहिजे कीं जें सरळ वाळूवर चढवितां येईल. यासाठीं ‘बॉमस्खौट’ या नांवाचें तारूं तेथें व काट्वेक वगैरे शेजारच्या गांवीं वापरीत. याचा तळ सपाट, अंग जाड, आणि रुंदी लांबीच्या जवळजवळ निम्मी. तळ सपाट असल्यानें वाऱ्याच्या जोरानें तें बाजूस सरकूं नये म्हणून दोहों अंगांस लांकडी फळ्या टांगलेल्या असत व त्या लागतील तशा पाण्यांत सोडीत. भरतीबरोबर तारूं किनाऱ्यास येई, ओहोटी लागली कीं वाळूवर बसे. मग घोडे पाण्यांत घालून दोर बांधावे, मासळी उतरावी, आणि तिचा लिलाव तेथेंच वाळूवर व्हावा, असा सर्व क्रम.

अशा तारवाला सुंदर कोणी म्हणणार नाहीं. परंतु किनाऱ्याचा आकार, तारवाचा आकार, घोड्यांचें काम, बायकांच्या डोईवरील टोपल्या, आणि गांवाची वस्ती या सर्व गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. बंदर झालें असतें तर तारूं बदललें असतें. तारूं बदललें असतें तर घोडे, लिलाव व वाळूवरची गर्दी हीं सर्व नाहींशीं झालीं असतीं. आणि पुढें झालें तें असेंच. ता. २२ व २३ डिसेंबर १८९४ रोजीं मोठें वादळ होऊन किनाऱ्यावर ओढून ठेविलेल्या तारवांचा भयंकर नाश झाला. उघड्या वाळूवर तारवें ठेवण्यांतला धोका या वादळानें सर्वांच्या पदरांत घातला. बंदराची मागणी अनिवार झाली, व १९०४ सालीं स्खेवेनिंगेनास बंदर झालें. खोल तळाचीं तारवें आलीं, आणि सपाट तळाच्या तारवांचें काम कायमचें संपलें.

मेस्डाख हेगला आला १८६९ सालीं. म्हणजे शेंकडों वर्षें चालत आलेल्या या व्यवहाराचीं अखेरचीं पस्तीस वर्षें तो रोज पाहत होता. हें त्यास आधीं ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

(५) वर्तुळाकार चित्र

आतां मुख्य चित्राकडे वळूं. एखाद्या उंच जागीं उभें राहून चोहोंकडे पाहिलें असतां जें दिसतें तें सर्व एका वाटोळ्या भिंतीवर अखंड रंगवावें व प्रेक्षकानें मधोमध उभें राहून पाहावें, ही युक्ति रॉबर्ट बार्कर नांवाच्या चिताऱ्यानें काढली आणि १७८७ सालीं तिचें हक्कपत्र मिळविलें. तिला ‘पॅनोरामा’ हें नांव पडलें. एकोणिसाव्या शतकांत यूरोपांत या खेळाचें मोठें वेड होतें. १८८० च्या सुमारास बेल्जममधील मंडळ्या जागोजाग असलीं चित्रें उभारून तिकिटें लावीत. त्यांतल्याच एका मंडळीनें हेग येथील चित्राचें काम मेस्डाखकडे दिलें.

अशीं चित्रें बहुधा लढायांचीं असत. कारण तिकिटें त्यांनीं खपत. ज्याच्या विषयाला कांहींच घडत नाहीं असें चित्र लावणें म्हणजे व्यापाऱ्याच्या दृष्टीनें धोकाच. मेस्डाखनें तरीहि लढाई घेतली नाहीं, वादळहि घेतलें नाहीं. त्यानें स्खेवेनिंगेनचा किनारा घेतला, आणि तोहि एका साध्या कामाच्या दिवसाचा. उभें राहण्यासाठीं त्यानें गांवाजवळची सेनपोस्ट नांवाची वाळूची टेंकडी निवडली. तेथून एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास कोळ्यांचें गांव, आणि मागें दूरवर हेग शहराचे मनोरे दिसत.

जें दिसलें तें बिनचूक कापडावर कसें आणावें, याची त्यानें योजलेली रीत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. टेंकडीवर कांचेचें एक नळकांडें उभें करून, आंतून बाहेर पाहत, जें जेथें दिसलें त्याच्या रेघा त्यानें कांचेवर ओढल्या. वाटोळ्या कांचेवरची ही आकृति मग मोठ्या प्रमाणानें वाटोळ्या कापडावर उतरविली. याचा परिणाम असा कीं, घर घरापासून किती अंतरावर, मनोरा क्षितिजावर कोठें, वाळूची कड कशी वळते, हें चिताऱ्याच्या मर्जीवर राहिलें नाहीं. तें नजरेच्या रेषेनें ठरलें.

कापडाची उंची चौदा मीटरांहून अधिक व परीघ सुमारें १२० मीटर. म्हणजे सोळाशें चौरस मीटरांहून मोठें चित्र. हें काम सुमारें चार महिन्यांत पुरें झालें. एका माणसाच्या हातून हें होणें शक्य नव्हतें. सिन्च्येनें गांवाचा भाग रंगविला; तेओफील द बॉक यानें आभाळाचें काम केलें; तेव्हां अवघा तेवीस वर्षांचा असलेला जॉर्ज हेंड्रिक ब्राइटनर यानें किनाऱ्यावरचे घोडेस्वार काढले; बर्नार्ड ब्लोमर्स यानेंहि हातभार लाविला. समुद्र व तारवें मेस्डाखनें स्वतःकडे ठेविलीं. वाळूवर पांढऱ्या छत्रीखालीं चित्र काढीत बसलेली एक बाई या चित्रांत दिसते. ती सिन्च्येच होय.

ता. १ ऑगस्ट १८८१ रोजीं हें चित्र लोकांस खुलें झालें. प्रेक्षक अंधाऱ्या वाटेनें आंत जाऊन जिन्यानें वर चढतो तों एकदम टेंकडीच्या माथ्यावर येतो. उजेड छपरांतील कांचांतून पडतो, परंतु वरचें छत आड येत असल्यानें कापडाची वरची कड दिसत नाहीं. खालची कड खऱ्या वाळूनें झांकली आहे. म्हणून चित्र कोठें सुरू होतें तें नजरेस कळत नाहीं. त्याच महिन्यांत विन्सेंट व्हान गॉख हा तें पाहून गेला, व भावास लिहिलेल्या पत्रांत त्यानें त्याची वाखाणणी केली आहे. उद्घाटनाच्या अगदीं जवळचा, आणि तोहि जाणत्या माणसाच्या हातचा, हा लेखी दाखला म्हणून त्याचें मोल अधिक.

(६) साक्षीची पारख

बखर व अस्सल पत्र यांतला भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. बखर घटनेनंतर, ऐकीव माहितीवर, कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली. पत्र त्या वेळीं, त्या जागीं, कामापुरतें लिहिलेलें. दोहोंचा उपयोग आहे, पण वजन सारखें नाहीं. चित्रांतहि हाच भेद करतां येतो, असें आमचें म्हणणें आहे. मेस्डाखचें वर्तुळाकार चित्र हें अस्सल पत्राच्या जातीचें आहे; त्याचीं सुटीं चित्रें पुष्कळ अंशीं बखरीच्या जातीचीं आहेत.

हें आम्ही कशावरून म्हणतों तें सांगतों. समजा, या चित्राचा काल आपणांस ठाऊक नाहीं. चिताऱ्याचें नांवहि गेलें आहे. तरी चित्रावरूनच काल ठरवितां येईल काय? येईल. गांवाच्या अंगास दीपस्तंभ दिसतो; तो १८७५ सालीं बांधला. म्हणून चित्र त्यापूर्वींचें नाहीं. किनाऱ्यावर १८२८ सालचें जुनें स्नानगृह उभें आहे. तें पाडून त्या जागीं ‘कुरहाउस’ नांवाची जी भव्य इमारत झाली ती १८८५ सालीं उघडली, आणि ती चित्रांत नाहीं. म्हणून चित्र त्यानंतरचें नाहीं. समुद्रांत गेलेला लांब धक्का १९०१ चा, बंदर १९०४ चें. दोन्ही चित्रांत नाहींत. याप्रमाणें १८७५ व १८८५ या दहा वर्षांत चित्राचा काल आपोआप येऊन बसतो, आणि ज्ञात काल जो १८८१ तो बरोबर त्यांतच पडतो. जो कागद स्वतःच्या पोटांतून आपला काल असा बिनचूक सांगतो, त्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नसावी.

राजा पहिला विलेम यानें १८२६ सालीं राणीसाठीं टेंकडीवर बांधलेला मंडप चित्रांत आहे, व तो अद्यापि उभा आहे. उभ्या असलेल्या इमारतीशीं चित्र ताडून पाहतां येतें, आणि एका ठिकाणीं चित्र खरें ठरलें म्हणजे शेजारच्या नाहींशा झालेल्या घरांविषयींहि त्याची साक्ष बळकट होते. जुन्या नकाशांच्या बाबतींत आपण हीच रीत वापरतों.

आणि या साक्षीवांचून आज गत्यंतरहि नाहीं. ज्या टेंकडीवर मेस्डाख उभा राहिला ती पुढें उपाहारगृहासाठीं खोदली गेली. तिचा मूळ आकार राहिला नाहीं. तारवें गेलीं. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ नंतर जर्मन लष्करानें किनाऱ्यावर तटबंदी करण्यासाठीं स्खेवेनिंगेनची पुष्कळ वस्ती हलविली व अनेक घरें पाडलीं. चिताऱ्याची उभें राहण्याची जागासुद्धां आतां चित्रांतच उरली आहे.

(७) साक्षीची मर्यादा

इतकें म्हटल्यावर दुसरी बाजू न सांगणें हा पक्षपात होईल. चित्र दिसणारी गोष्ट सांगतें; न दिसणारी सांगत नाहीं. त्या दिवशीं लिलावांत मासळी कोणत्या भावानें गेली, तारवाच्या मालकास किती व खलाशास किती मिळालें, या वाळूवरून गेलेलीं किती माणसें परत आलीं नाहींत, यांतलें कांहींच या चित्रावरून कळत नाहीं. निवडलेला दिवस निवांत आहे. डिसेंबर १८९४ मध्यें त्याच वाळूवर काय झालें याची सूचना देखील त्यांत असूं शकत नाहीं. दुसरें, अनेक कालखंडांतील हालचाली एका दृश्यांत बसविलेल्या असतात. घोडेस्वार, छत्रीवाली बाई आणि वाळूवर चढलेलीं तारवें हीं सर्व एकाच घटकेस त्या त्या जागीं होतीं असें मानण्याचें कारण नाहीं. घरें व टेंकड्या यांविषयीं चित्राची साक्ष पक्की. माणसांविषयीं तितकी नव्हे.

सुट्या चित्रांविषयीं अधिक सावधगिरी पाहिजे. मेस्डाखचें नांव झाल्यावर त्याच्या चित्रांस मागणी फार आली, आणि वाळूवर चढणारें किंवा लाटांवर डोलणारें तेंच तारूं त्यानें पुनःपुन्हा काढलें. उत्तरवयांतल्या चित्रांतहि तें जुनें तारूं येतें. तेव्हां एखाद्या चित्रावर अमुक साल आहे म्हणून चित्रांतली वस्तु त्या सालची, असें अनुमान करूं नये. चिताऱ्याचा हात जें एकदां शिकतो तें, वस्तु गेल्यावरहि काढीत राहतो. कागदाच्या बाबतींत नकलेचा काल व मजकुराचा काल हे वेगळे असतात, तशीच ही गोष्ट आहे.

(८) उत्तरचरित्र व संग्रह

वर्तुळाकार चित्राच्या मालक मंडळीचा धंदा चालला नाहीं. १८८६ सालीं तिचें दिवाळें वाजलें. अशा वेळीं या चित्रांचें काय होई तें सर्वांस ठाऊक होतें. कापड गुंडाळून दुसऱ्या शहरीं नेत, नाहींतर तुकडे करून विकीत. त्या काळच्या बहुतेक वर्तुळाकार चित्रांचा मागमूसहि आज उरलेला नाहीं. मेस्डाखनें स्वतःच्या पैशानें हें चित्र विकत घेतलें व खुलें ठेविलें. १९१० सालीं त्यानें तें घराण्यांतल्या माणसांची एक मंडळी करून तिच्या हवालीं केलें. त्याच साली, म्हणजे १८८१ सालीं, स्वित्सर्लंडांत जेनीव्हा येथें काढलेलें बुर्बाकीच्या सैन्याचें वर्तुळाकार चित्र १८८९ सालीं लुझर्नला हलवावें लागलें. मेस्डाखचें चित्र मात्र ज्या इमारतीसाठीं काढलें त्याच इमारतींत, हेगच्या झेस्ट्राट रस्त्यावर, आजहि पाहावयास मिळतें. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा जीर्णोद्धार झाला.

मेस्डाख हा संग्राहकहि मोठा होता. कोरो, दोबिन्यी, मिले, रूसो, कूर्बे अशा फ्रेंच चित्रकारांचीं आणि आपल्या हेगमधील सोबत्यांचीं चित्रें त्यानें मनापासून जमविलीं. घर पुरेना तेव्हां १८८७ सालीं घराशेजारीं संग्रहालयाची इमारत बांधली, व १९०३ सालीं तो सर्व संग्रह इमारतीसह सरकारास दिला. त्याची व्यवस्था आतां आम्स्टर्डाम येथील व्हान गॉख संग्रहालयाकडे आहे. हेगच्या चिताऱ्यांची ‘पुल्क्री स्टुडिओ’ नांवाची जी संस्था १८४७ सालीं निघाली होती तिचा तो १८८९ पासून १९०७ पर्यंत अध्यक्ष होता, व त्याच्याच कारकीर्दींत ती आपल्या मोठ्या वास्तूंत राहावयास गेली. पेढीवर शिकलेला हिशेब त्याच्या या कामीं आला, असें म्हटल्यास चुकीचें होणार नाहीं. सिन्च्ये १९०९ सालीं वारली, मेस्डाख ता. १० जुलै १९१५ रोजीं हेग येथें वारला. त्या वेळीं त्याचें वय चौऱ्यायशीं वर्षांचें होतें.

(९) समारोप

मेस्डाखचें चरित्र पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते. त्यानें किनारा राखण्याच्या हेतूनें चित्र काढलें नाहीं. एका मंडळीनें काम दिलें, त्यानें तें प्रामाणिकपणें केलें. साधन हें बहुधा असेंच जन्मास येतें. पत्र लिहिणारा इतिहासासाठीं पत्र लिहीत नाहीं. परंतु पत्र जन्मास येणें वेगळें आणि टिकणें वेगळें. टिकण्यासाठीं १८८६ सालीं कोणी तरी पैसे घालावे लागले. तो माणूस नसता तर कांचेवरच्या रेघांचा खरेपणा कितीहि असला तरी व्यर्थ होता.

यावरून आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति करण्याचें धैर्य करितों. पोथ्या व पत्रें यांची आपण जी काळजी घेतों ती चित्रांची घेत नाहीं. दप्तर आलें म्हणजे प्रत्येक कागदाची नोंद होते. त्याच दप्तरांतलें एखादें रेखाटन, घाटाचें किंवा वाड्याचें चित्र, शोभेची वस्तु म्हणून वेगळें काढलें जातें, त्याच्या कडा कापून तें चौकटींत बसवितात, आणि पाठीवर कोणी काय लिहिलें होतें तें कायमचें झांकलें जातें. असें झाल्यावर चित्र उरतें, साक्ष जाते. म्हणून चित्र हातीं येतांच कोणाच्या संग्रहांतून आलें, बरोबर कोणते कागद होते, पाठीवर काय आहे, हें प्रथम लिहून ठेवावें. नंतर चितारी कोण, तो कोठें उभा होता, आणि त्यांतली कोणती वस्तु आजहि उभी आहे, याचा शोध करावा. एक वस्तु जरी ताडून खरी ठरली तरी शेजारच्या दहा नाहींशा झालेल्या वस्तूंविषयीं बोलण्याचा अधिकार त्या चित्रास येतो. एवढें केलें म्हणजे एखाद्या अनामिक चिताऱ्याचें लहानसें चित्रहि दप्तरांतल्या पत्राच्या शेजारीं मानानें बसूं शकेल, अशी आमची खात्री आहे.